सरकारची बाजू

"मागच्या महिन्यात नळ किती दिवस आला, तेवढं एकच सांगा," खुशालराव उभे राहून म्हणाले.

"चौदा दिवस," आशाबाई म्हणाल्या. "मोटार जळली होती. तुमी सदस्य ना? तुमाले माईत पायजे होतं."

खुशालराव खाली बसले. आशाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. स्वयंपाकघरात सरकारने आजही विरोधी पक्षाची जिरवली होती.

ही सगळी करामत या नवरा-बायकोच्या मुलीची, आकांक्षाची. ती आयर्लंडमध्ये नर्स. वडील दर्यापूर तालुक्यातल्या सांगवखेडच्या ग्रामपंचायतीत पंधरा वर्षे विरोधी गटाचे पुढारी, आणि ग्रामसभेत घसा कोरडा करून रिकाम्या हाती घरी येण्यात तरबेज. पाच वर्षांपूर्वी महादेवराव सरपंच झाले तेव्हा तर खुशालराव पार खचले होते. म्हणून तिने तिथल्या संसदेचा एक व्हिडिओ पाठवला.

टक्कल पडलेला, शांत चेहऱ्याचा विरोधी पक्षनेता उठतो. हातात एकच कागद. दवाखान्यात खाट मिळायला किती तास लागतात, एवढंच विचारतो. पंतप्रधान इकडचं तिकडचं बोलतात. तो पुन्हा तेच विचारतो. तिसऱ्यांदाही तेच. आरडाओरडा नाही, टेबल आपटणं नाही, आणि सरकार घामाघूम.

खुशालरावांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. इंग्रजी अर्धंमुर्धंच कळलं, पण माणूस पक्का कळला.

"बाबा, ते म्हणे आधी सराव करते," आकांक्षा फोनवर म्हणाली. "त्यायच्यातलाच एक जण सरकार होते, अन् हे त्याले प्रश्न इचारते."

आता खुशालरावांच्या गटात सरकार व्हायला कोण तयार होणार? उरल्या आशाबाई.

सुरुवातीला त्या नुसत्या "मले काय माईत" म्हणायच्या. खुशालराव चिडायचे. "असं सरकार असते का? दमदार उत्तर दे. नाई त माही तयारी कशी होईन?"

"मंग कागद पाहा लागते," आशाबाई म्हणाल्या.

आणि त्या खरंच ग्रामपंचायतीत जाऊन कागद पाहू लागल्या. पाण्याच्या टाकीवर चढल्या. नळ सोडणाऱ्या पुंजारामशी तासभर बोलल्या. महादेवरावांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोकडे, सत्यवतीबाईंकडे, चहाही घेऊन आल्या. सरकार कसं विचार करतं ते आतून कळायला हवं ना! खुशालरावांना बायकोचं भारी कौतुक वाटायचं. माझ्यासाठी किती राबते, असं ते पारावर चारचौघांत सांगायचे.

जवळजवळ पाच वर्षे हा सराव चालला. घरात हरायचं आणि ग्रामसभेत जिंकायचं, असा शिरस्ताच पडला. बौद्धपुऱ्यातली पाइपलाइन कधी जोडणार, हा एकच प्रश्न त्यांनी सलग तीन ग्रामसभांत विचारला. तिसऱ्यांदा महादेवराव रुमालाने मान पुसत खाली बसले, आणि महिन्याभरात पाइप जोडला गेला. बौद्धपुऱ्यातल्या देवरावांनी भर ग्रामसभेत उठून खुशालरावांचा हात हातात घेतला. इतकं समाधान त्यांना आयुष्यात कशानेच झालं नव्हतं.

पुढे पुढे तर नवलच व्हायला लागलं. सोमवारी घरी प्रश्न काढावा, आणि तो ग्रामसभेत मांडायच्या आतच शाळेवर नवे पत्रे दिसावेत.

"भेते थो मले आता," खुशालराव खुशीत म्हणायचे.

आशाबाई भाकर थापत राहायच्या.

यंदा सरपंच थेट गावातून निवडायचा होता. आरक्षण निघालं, महिलेसाठी. खुशालरावांना आकाश ठेंगणं झालं. पंधरा वर्षांनी खुर्ची घरात येणार! त्यांनी त्याच दिवशी गटाची बैठक घेतली आणि आशाबाईंचं नाव जाहीर करून टाकलं. पत्रकं छापून आली. वर कोपऱ्यात आशाबाईंचा पासपोर्टएवढा फोटो, खाली हात जोडलेले खुशालराव, चांगले वीतभर. बाई सरपंच असली की कारभार तिचा नवरा पाहतो, ही रीत तालुक्यात कोणाला नवी नव्हती. ग्रामपंचायतीत आपली खुर्ची खिडकीपाशी ठेवायची की दाराशी, एवढंच ठरायचं बाकी होतं.

आशाबाईंनी पत्रक पाहिलं. "फोटो मस्त निंगाला तुमचा," म्हणाल्या, आणि कुकर लावायला आत गेल्या.

तिकडे महादेवरावांच्या गटाचा उमेदवार कोण, याचा पत्ता लागत नव्हता. सत्यवतीबाईंनी उभं राहायला साफ नकार दिला होता. "त्यायच्याकडं बाईच नाई उभी कराले," खुशालराव देवरावांना टाळी देत म्हणाले.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी नवरा-बायको दर्यापूरला गेले. तहसील कार्यालयात ही गर्दी. खुशालरावांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. ओळखीचा दिसेल त्याला ते चहा पाजत होते. नंबर आला तसा त्यांनी बायकोचा अर्ज दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. भरला त्यांनीच होता, सहीची जागा तेवढी सोडून.

कारकुनाने नाव वाचलं, समोरची यादी चाळली आणि चष्मा वर सरकवला.

"आशाबाईंचा अर्ज परवाच आलाय की. महादेवराव सोबत होते. त्यांच्या पॅनलकडून."

खुशालरावांनी आधी कारकुनाकडे पाहिलं, मग बायकोकडे. तीन वेळा तोंड उघडलं तेव्हा कुठे एक शब्द बाहेर पडला.

"कावून?"

आशाबाईंनी शांतपणे पदर सावरला.

"त्यायनं घरी येऊन मले इचारलं जी, उभ्या रायता का म्हणून. तुमी त इचारलंच नाई."