तेल घातलेलं कुलूप

कुलूप-किल्ल्यांचं दुकान चालवणाऱ्या बाबांनी परगावी शिकणाऱ्या लेकीला मोठ्या ऐटीत फोन लावला.

“तुझ्या गिनीपिगचे झटके बंद केले बघ मी!”

“झटके?”

“मग काय! मी दुकानातून येऊन कुलूप उघडलं रे उघडलं, की पिंजराभर सुसाट पळायचा, मध्येच टणाटण उडायचा. खडखडाटाला घाबरायचा बिचारा. कुलपात तेल घातलं, आता मी चोरपावलांनी आत येतो. तो एकदम गपगार!”

“अहो बाबा, आनंद झाला की असेच धावतात, उडतात ते. तुम्ही घरी आलात म्हणून नाचत होता तो.”

बाबा म्हणाले, “बरं झालं बाई, ह्याला माझ्यापाशी ठेवून गेलीस.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातलं सगळ्यात खडखडणारं कुलूप आणून दाराला लावलं.