सुटलेला टाका

पुरानं गावातले सगळे फोन मुके केले, पण शिवणवाल्या मावशींचा दोन्हीकडून बोलता येणारा हौशी ‘हॅम’ रेडिओ गाडीच्या बॅटरीवर बोलत होता. एरवी “आवाज कमी करा!” म्हणून भिंत बडवणारा शेजारचा बेकरीवाला आज त्यांच्या दारात उभा होता, त्याची लेक नदीपलीकडे अडकली होती. पलीकडच्या रेडिओवाल्यानं सुखरूप माणसांची नावं सांगितली, मावशींनी ती खडूनं कापडावर उतरवली. लेकीचं नाव आलंच नाही. बेकरीवाला बाहेर जाऊन पायरीवर बसला. “एकूण सत्तेचाळीस,” रेडिओवाल्यानं शिरस्त्याप्रमाणे शेवटी आकडा सांगितला. मावशींनी मोजली, तर शेहेचाळीसच! “निरोप द्यायला बाकीचे लोक खोळंबलेत. एका नावानं काय बिघडतंय?” नवरा करवादला. “एक टाका सुटला की अख्खी शिवण उसवते. गप्प बसा!” त्यांनी यादी पहिल्यापासून मागवली. मघाशी खरखरीत बुडालेलं एकतिसावं नाव आता खणखणीत आलं. बेकरीवाला धावतच आत आला. “मावशी, आवाज वाढवा!”