करडं वाक्य

शलाकाने काचेच्या पाटीपुढे डावा तळहात आडवा धरला आणि लिहायला घेतलं. सातवीच्या वर्गात सगळेच तसे बसत. शेजारणीचं बोलणं कानावर पडलं तर ते आपल्या लिहिण्यात उतरतं आणि गुण जातात, म्हणून मधल्या सुट्टीतही कोणी कोणाशी बोलत नसे. राज्यातल्या कुठल्याही मुलाने आधी लिहिलेलं वाक्य पाटीवर करडं होई, नवं असेल तर हिरवं. भिंतीवर लिहिलं होतं, 'आपल्या सर्वांचं ध्येय एकच, प्रत्येकाचं उत्तर वेगळं.'

आजचा विषय होता 'माझी आई'. बराच वेळ घुटमळून शलाकाने घरीही कोणाला न सांगितलेलं लिहिलं. 'आईला जाऊन वर्ष झालं, तरी मी रोज तिच्या नंबरवर मेसेज पाठवते.'

वाक्य करडं झालं. खाली बारीक अक्षरं उमटली. 'याच अर्थाचं वाक्य नऊ मिनिटांपूर्वी लिहिलं गेलं आहे. याच वर्गात.'

तिने मान वर केली. एकतीस मुलं आपापल्या तळहाताआड वाकली होती.

देवस्थळीबाई जवळ आल्या. "शलाका, खोड ते. गुण जातील."

"जाऊ देत, बाई."

बाई पुढे गेल्यावर तिने हात काढला आणि पाटी बाकावर सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. घंटा होईपर्यंत ती वाट बघत बसली. पण दुसऱ्याच्या पाटीत न डोकावण्याची सवय सगळ्यांना चांगलीच लागली होती.