वाट्याचं रिंगण

तांड्यावरच्या भावसिंगची काठी गावातल्या किसनरावाच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज दोन्हीकडच्या माणसांनी ऐकला. ट्रॅक्टरची साखळी किसनरावाच्या हातून सुटली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला गोळा होता, काळपट, बैलाच्या पोटाएवढा, पहाटे आभाळातून जळत येऊन गायरानात रुतलेला. रॉकेटची टाकी, असं कोणी म्हणालं. आतून सोनं असतं, असं मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्यांनी सांगितलं आणि मग काय, माणसं माणसांत राहिली नाहीत.

"ट्रॅक्टर माहा, साखळी माही. तुले वाटा कायले देऊ?" किसनराव मोडका हात पोटाशी धरून म्हणाला.

"गायरान कोनाच्या बापाचं नाही. त्याच्यावर पडलं ते सर्वायचं," भावसिंग म्हणाला.

दरवर्षी त्या गायरानाची एकेक पट्टी किसनरावाच्या नांगराखाली जात होती. तांड्याच्या शेळ्या काटे चघळत होत्या आणि तांडा मूग गिळून बसला होता. ते सगळं आज भावसिंगच्या काठीत उतरलं होतं. किसनरावाच्या पुतण्याने मागून दगड घातला. भावसिंगच्या कानामागून रक्त वाहू लागलं. त्याने वळून पुतण्याला असा हाणला की पोरगं उठलंच नाही. त्याला ट्रॅक्टरवर टाकून किसनरावाची माणसं शिव्या देत निघून गेली.

गोळा तांड्याचा झाला. भावसिंगने गावातून फिरोज वेल्डरला बोलावून आणलं. फिरोजने गोळ्यावर हात फिरवला, वास घेतला आणि कटर परत गाडीत ठेवला.

"बंद टाकीले मी आग लावत नाही, भाऊ. आत काय हाय, कोनाले मालूम? तहसीलचे लोक येऊ दे."

"किसनरावानं इकत घेतलं काय तुले?" भावसिंगने त्याच्या थोबाडीत मारली आणि घण उचलला.

त्या तांड्यावर वाटे घालायची रीत जुनी. बोकड असो की मोहाची फुलं, घरटी एक माणूस रिंगणात बसायचं. वाटे पडायच्या आत जो उठला, त्याच्या घराला काही नाही. रडारड नको, भांडण नको. गोळ्याभोवती रिंगण बसलं. भावसिंगची बायको मजुरीला गेलेली, म्हणून त्याने आठ वर्षांच्या खुशीला बसवलं.

"काही झालं तरी हालू नको," तो म्हणाला. रक्ताने माखलेला बाप त्या घडीला राजासारखा खूश होता.

घण गोळ्याच्या नळीवर पडला. नळी तुटली. आत काहीतरी फुसफुसलं आणि युरियाच्या फुटलेल्या गोणीसारखा उग्र वास सुटला. भावसिंगच्या डोळ्यांत जाळ उतरला. घसा आवळला. तो गुडघ्यांवर पडला.

"पळा, जहर हाय!" फिरोज लांबून ओरडला.

रिंगणातला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहू लागला. तोंडाला पदर लागले, रुमाल लागले. म्हातारा फुलसिंग खोकत आडवा झाला, तोही जागेवरच. उठलं कोणीच नाही.

भावसिंगला दिसत नव्हतं. हातांनी माती चाचपत तो रांगत राहिला. शेवटी खुशीचा पाय हाती लागला.

"उठ बेटा, पळ. मले काही नको. पळ तू."

खुशीने दोन्ही हातांनी जमिनीतलं गवत घट्ट धरलं होतं. तिच्या तोंडातून फेस येत होता.

"पयले त्यायले उठू दे, बापू."