सात वर्षांची घडी

विश्वनाथला बसणं म्हणून ठाऊक नाही. सकाळपासून नुसत्या येरझारा, अन् दर खेपेला त्याच्या आईने, देवकीबाईंनी, सतरंजीवर पसरलेल्या लुगड्यांवरून टांग टाकून जाणं. पन्नाशीचा गडी, कॉलेजचा ग्रंथपाल, पण पायाखाली काय आहे ते दिसेल तर शपथ.

"काहून गा, घाण्याचा बैल झाला का तू? टेक ना एका जागी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो करिष्मा, आहे ना. एकदम सांभाळून ठेवलंय. ये तू."

फोन ठेवला अन् टेबलावरचा तो काळा चपटा डबा त्याने पुन्हा कंप्युटरला जोडला. आत कट्‌कट् झालं. मग गप्प; पडद्यावर काहीच आलं नाही.

कॉलेजचं संशोधनाचं जर्नल कधी कागदावर छापलंच नव्हतं. सगळे अंक वेबसाइटवर. वेबसाइटवाल्याने दुकान गुंडाळलं, अंकही त्याच्यासंगे गेले. उरली ती विश्वनाथने सगळ्या अंकांची नक्कल काढून ठेवलेली ही हार्ड डिस्क. करिष्माचा लेख हिच्यातच. खाप्याच्या कॉलेजात तासाच्या पैशांवर शिकवणाऱ्या त्या पोरीची उद्या पक्क्या नोकरीची मुलाखत. तिच्याजवळ नुसता कच्चा खर्डा होता. अंकात आलेली पानं दाखवली नाहीत, तर लेख मोजणार नव्हते. चौथी शिकलेल्या देवकीबाईंना एवढं नीट समजलं होतं.

"दुसरी नव्हती का काढून ठेवली कुठी?"

"एक पुरे वाटली."

"अन् हे कधी लावून पाह्यली?"

"आई, तुझ्याच कपाटात तर होती सात वर्षं! प्लास्टिकमधी गुंडाळून. कोणी हात बी नाही लावला तिले."

देवकीबाईंनी लग्नातला शालू उचलून उजेडात धरला. मागच्या वर्षीची घडी उभी होती, यंदा आडवी घालायची. त्यांच्या जावेने आपला शालू जिवापाड जपला होता, लेकीच्या लग्नापर्यंत ट्रंक उघडली नाही. उघडली तेव्हा शालू घडीघडीवर चिरलेला. फडक्यांसारख्या पट्ट्या हातात आल्या.

विश्वनाथ पुन्हा उठला. खिडकीशी गेला, परत आला.

"सांगून देतो तिले, सर्व्हर बंद आहे म्हणून. आठ दिवसांत येते म्हणतो."

"येते का?"

त्याने वायर काढून परत खुपसली. पुन्हा नुसतं कट्‌कट्.

फाटक वाजलं. हेल्मेट काढत करिष्मा आत आली. हुडकेश्वरच्या रस्त्याची धूळ भुवयांवर, हातात संत्रा बर्फीचा डबा.

"सर, तुम्ही होते म्हणून! बाकी सगळ्यांनी हात वर केले. घ्या ना. आजी, तुम्ही पण."

विश्वनाथने हसून हात पुढे केला. "बस ना करिष्मा. ते काय झालं, सर्व्हर जरा..."

त्याचा हात बर्फीपर्यंत पोचायच्या आत देवकीबाईंनी डब्यावर झाकण दाबलं. शालू अजून त्यांच्या खांद्यावरच होता.

"पहिले खरं सांग तिले, मग खाय. सात वर्षं नुसतं कुलूप लावलं तू, अन् त्याले सांभाळणं म्हणतं!"