अकरा दिवसांनी लहान

“मृत्यू हा एक आजार आहे, आणि त्यावर आता औषध निघालंय,” चंद्रकांत गुप्त्यांनी भर मंडपात जाहीर केलं. एवढं बोलून त्यांनी निसटलेली कवळी जिभेनं जागेवर बसवली आणि मोदक कुठे ठेवलेत ते विचारलं.

त्यांच्या बरोबरीच्या शरच्चंद्रांनी मोदकांचा डबा पाठीमागे सरकवला. बंगालातल्या बालीगंजच्या या मराठी मंडळाचा रिवाज असा, की गणपतीच्या पहिल्या आरतीचं ताट सगळ्यांत वडील सभासदाच्या हाती. चंद्रकांत चौऱ्याऐंशीचे. शरच्चंद्र अकरा दिवसांनी लहान. खिदिरपूरला कस्टम्समध्ये दोघं बरोबर होते. तिथेही साहेबाची खुर्ची शरच्चंद्रांना मिळाली ती चंद्रकांत निवृत्त झाल्यावर, एक महिना; वाढदिवस पुढच्या महिन्यात पडल्यानं तेवढाच हाती आला. ताटासाठी मात्र ते सहा वर्षं सभ्यपणे थांबले होते. कोरं सोवळं कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून होतं. चंद्रकांतांना कुणी ‘शतायुषी व्हा’ म्हटलं की यांना ठसका लागे.

तोवर ते आरतीला शेजारी उभे राहत आणि सूड म्हणून सगळ्यांच्या वर आवाज लावून दुप्पट वेगानं म्हणत. ताट त्याचं, पण आरती आपली.

“सॉल्ट लेकला प्रयोग चाललाय. महिन्याला एक इंजेक्शन, की म्हाताऱ्या पेशी पुन्हा तरुण,” चंद्रकांत सांगत होते. “शेवट कधी, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही म्हणे.”

शरच्चंद्रांनी विचार करून पाहिला. आपणही टोचून घेतलं तरी हे अकरा दिवस हजार वर्षांनी अकराच राहणार.

“शरद, तुझंही नाव दिलंय मी.”

“मला कशाला?” शरच्चंद्र उसळले. “तू जग की एकटा. तू ओवाळणार आणि मी शेजारी उभा. किती युगं?”

“तिथेच उभा राहा, बाबा.” चंद्रकांत त्यांच्या कानाशी लागले. “मला पहिल्या ओळीपुढे आरती येत नाही. सहा वर्षं तुझ्या तोंडाकडे बघून ओठ हलवतोय. तू गेलास तर माझी अब्रू गेली.”

बंगाली ढाकवाल्यानं ढोलाच्या काठ्या उचलल्या. मंडळाच्या कार्यवाह विजयाताईंनी पेटतं ताट चंद्रकांतांच्या हाती दिलं. शरच्चंद्र सवयीनं शेजारी जाऊन उभे राहिले, घसा साफ केला.

“फक्त यंदा जरा सावकाश म्हण,” चंद्रकांत पुटपुटले.