सातवं घर

"आज येणारा माणूस घर घेऊनच जाणार," नवरा म्हणाला आणि ओट्याची फरशी कोरड्या फडक्यानं तिसऱ्यांदा पुसू लागला.

खिडकीच्या गजावर रंगाचा एक थेंब वाळला होता, तो बायको नखानं खरवडत राहिली.

नवरा फरशीवाला, बायको रंगकाम करणारी. मोडकं घर स्वस्तात घ्यायचं, त्यातच राहायचं, कामावरून आलं की रोज राबायचं, घराचं रूप पालटलं की विकायचं आणि पुढचं मोडकं घर गाठायचं. भांडवल म्हणजे दोघांचे चार हात. अशी सहा घरं झाली.

हे सातवं. घेतलं तेव्हा आत पाऊल टाकवत नव्हतं. बायकोनं दीड वर्ष भेगांत लांबी भरून भिंती सरळ केल्या. दाराचा जुना रंग खरवडला, तर खालून मधाळ रंगाचं लाकूड निघालं. त्या दिवसापासून तिचा जीव या घरात अडकला.

पण सांगणार कुठल्या तोंडानं? पहिलं घर विकताना नवऱ्याचा पाय निघत नव्हता, तेव्हा तिनंच त्याला सुनावलं होतं, "घराला जीव लावायचा नाही. राबायचं, विकायचं, पुढं चालायचं." शहाणपणा कुणी सांगितला होता! नवऱ्यानं तिचा शब्द कधी मोडला नाही. आताही 'विकणे आहे'ची पाटी त्यानंच दाराला ठोकली.

मग बायकोनं वेगळाच उद्योग आरंभला. घर आडबाजूला, त्यामुळे नवरा गिऱ्हाइकाला कोपऱ्यावरून घेऊन यायचा, सगळं फिरवून दाखवायचा आणि कागद आणायला आतल्या खोलीत जायचा. तेवढ्यात ही हळूच म्हणायची, "छतात ओल आहे हो. मी सांगितलं म्हणू नका."

छत खडखडीत कोरडं होतं. गच्चीवरची फरशी नवऱ्यानं गुडघे सोलून घेत बसवली होती. त्या कामाला नाव ठेवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तीन गिऱ्हाइकं आली तशी गेली.

"तिघंही पळाले. कमाल आहे," नवरा फडकं झटकत म्हणाला.

"काही खोट दिसली असेल."

"माझ्या कामात?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

तो हसला आणि शर्ट बदलून कोपऱ्यावर गेला.

चौथं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त हेडमास्तर. घाई नाही, गडबड नाही. त्यांनी फरश्या बोटानं वाजवून पाहिल्या, खिडक्या उघडल्या, मिटल्या, भिंतीवरून तळहात फिरवला.

"रंगकाम कुणाचं?"

"माझं," बायको म्हणाली.

"छान हात आहे. कागद बघू या."

हा माणूस घर घेणार, यात शंका नव्हती. पुन्हा सामान बांधायचं, पुन्हा दुसऱ्याच्या पडक्या भिंती. तिला रडूच यायला लागलं.

नवरा आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसताच कागद चाळल्याचा.

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि ती हेडमास्तरांच्या खुर्चीजवळ आली. "सर, खोटं कशाला बोलू? छतात ओल आहे. पावसाळ्यात पातेली ठेवावी लागतात. यांना सांगू नका."

हेडमास्तरांनी छताकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. चष्मा काढून पुसला, परत लावला. उठले, दारापाशी जाऊन सावकाश चपला घातल्या.

"बाई," ते म्हणाले, "कोपऱ्यापासून इथवर तुमचे मिस्टर मला शपथेवर सांगत आले की ओल स्वयंपाकघराच्या भिंतीत आहे, आणि बायकोला कळू देऊ नका. पुढचं गिऱ्हाईक येण्याआधी ती नक्की कुठं आहे, ते दोघांनी बसून एकदा ठरवून टाका."